विकायचं नाही, हे कुठे लिहून द्यायचं?

आपल्याकडचा कायदा घेणाऱ्याची काळजी घेतो, हे मान्य करायला हवं. फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डरने बुडवू नये म्हणून 2016 चा रेरा आहे. नको असलेली कर्जं आणि प्लॉट फोनवरून गळ्यात मारले जाऊ नयेत म्हणून 1909 वर नोंदणी करता येते, आणि तिथे स्थावर मालमत्तेसाठी वेगळा वर्गही आहे. या साऱ्या नियमांची नजर मुख्यतः काहीतरी विकायला येणाऱ्यावर असते. जो काही घेत नाही, काही विकत नाही, नुसता स्वतःच्या घरात राहतो, तो मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाही. अशा निरुपद्रवी माणसाला भर दुपारी फोन येतो, ‘सर, तुमच्या बिल्डिंगमध्ये टू बीएचकेला जेन्युइन पार्टी आहे. फुल व्हाइट. तुमची अपेक्षा काय?’ अपेक्षा एवढीच असते, की झोपू द्यावं. ‘विकायचं नाही’ असं सांगून फोन ठेवला, तरी या धंद्यात तो नकार धरत नाहीत. साहेब रेट वाढवतायत, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून तीच पार्टी थोडी अधिक जेन्युइन होऊन येते. रेराखाली एजंटाला नोंदणी लागते खरी, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी. तीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटमागे लागणाऱ्याला तिचं सोयरसुतक नाही.

आपलं घर त्याला कळलं कसं, याचं नवल करू नये. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो, आणि शेजारचा फ्लॅट केवढ्याला गेला हे इंडेक्स टूवर छापलेलं असतं. ही पारदर्शकता हवीच. ती नव्हती तेव्हा एकच जमीन चौघांना विकायचा उद्योग फार सोपा होता. पण 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, कायद्यानेच जाहीर करायला लावलेली माहिती वगळलेली आहे. म्हणजे सरकारने नाव चव्हाट्यावर मांडायचं, नंबर वॉचमनकडून काढायचा आणि उरलेली शोभा पार्टीने करायची.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अहो, नुसतं विचारलं तर बिघडलं कुठे? नाही म्हणा आणि मोकळे व्हा. हे म्हणणं वरवर बिनतोड आहे. पण सुखाने संसार करणाऱ्या बाईसाठी दर महिन्याला कुणी स्थळ घेऊन येऊ लागला, तर ‘नुसतं विचारलं’ एवढ्यावर तिचं सासर गप्प बसेल का? विचारण्याबरोबर आकडा येतो, आणि आकडा एकदा घरात शिरला की तो जेवणाच्या ताटाशीही येऊन बसतो. काल जी आईची खोली होती, तिचे कार्पेटप्रमाणे पैसे निघतात. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर तर याची बहार असते. घरात राहणारा भाऊ दाद देत नाही म्हटल्यावर दलाल विरारच्या चुलतभावाला गाठतो. गणपतीलाही न उगवलेला तो भाऊ आपल्या हिश्श्याबद्दल एकाएकी हळवा होतो. गंमत म्हणजे हा धोका कायद्याने फार पूर्वी ओळखला आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 म्हणतं, की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी घरच्यांबरोबर तिथे राहायचा हक्क त्याला मिळत नाही. 1893 च्या वाटप कायद्याने पुढची पायरी गाठली. अशा परक्याने वाटपाचा दावा लावला, तर घरचा माणूस त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतो. थोडक्यात, इंग्रज सरकारला आपलं माजघर कळलं होतं. फक्त तेव्हा मोबाइल नव्हते, त्यामुळे परका उंबऱ्याशी अडवला की काम भागत होतं.

न्यूयॉर्क राज्याने नेमका हा फोनाचा भाग धरला आहे. ज्या भागात घरमालकांना विक्रीसाठी पुन्हा पुन्हा छळलं जातं, तो भाग तिथला राज्यसचिव जाहीर करतो. तिथल्या मालकाने ‘मला विचारू नका’ असं लिहून दिलं, की त्याचं नाव यादीत जातं. मग दलालाने आणि घरखरेदीचाच धंदा करणाऱ्याने त्याच्या वाटेला जायचं नाही. ब्रुकलिनमधला ईस्ट न्यूयॉर्क हा असा जाहीर झालेला एक भाग. अमेरिकेला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. तिथे दलाल गोऱ्या वस्तीत जाऊन ‘काळी कुटुंबं येताहेत, भाव पडेल’ अशी भीती घालत, घरं स्वस्तात घेत आणि काळ्या कुटुंबांना महागात विकत. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्यावर बंदी घातली. आपल्याकडे भीती वेगळी असते: ‘मेट्रो झाल्यावर सप्लाय वाढेल, आत्ताच काढा.’ मेट्रो होण्याआधी तोच माणूस ‘मेट्रो येतेय, भाव चढलाय, आत्ताच काढा’ म्हणत होता. जगात काहीही झालं तरी काढायची वेळ आत्ताचीच असते.

तेव्हा ‘विचारू नका’ची अशी यादी आपल्याकडेही हवी. बाजाराच्या कैवाऱ्यांना वाटेल, की तिने खरेदीविक्रीच थंडावेल आणि ज्या म्हाताऱ्या जोडप्याला खरंच घर विकून लेकीजवळ जायचंय, त्यांचं नुकसान होईल. तसं काही होत नाही. यादीत नाव घालणं ऐच्छिक. ज्याला विकायचंय त्याने घालू नये. उलट दलालाचा वेळ वाचेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी यादी निघाली, की दुसऱ्या दिवशी तीच दलालांना विकली जाईल. आपला अनुभव पाहता ही भीती रास्त आहे. म्हणून यादीत नाव नको, मोबाइल नंबर तर नकोच. मालकाने आपल्या खरेदीखताचा दस्त क्रमांक नोंदवावा. दलालाने फोन करण्याआधी तो क्रमांक यंत्रणेत टाकावा आणि तिने ‘विचारा’ किंवा ‘विचारू नका’ एवढंच सांगावं. तरीही विचारलं, तर दंड घरमालकाच्या खात्यात जमा व्हावा. सरकारजमा झाला तर फोन कुणीच नोंदवणार नाही. मालकाच्या खात्यात आला, तर सोसायटीतले पेन्शनर दुपारची झोप सोडून पार्टीची वाट बघत बसतील.