ताणाची घराणी

ताण आला की माणसाचं घराणं कळतं. पोर्तुगीजांच्या हातून सुटलेल्या दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात ही सगळी घराणी १९५४ ते १९६१ या काळात गाऊन झाली.

स्वातंत्र्यसैनिक चालून येताहेत म्हटल्यावर पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्ट १९५४ ला भारतीय पोलिसांना शरण गेला. 'आलोच पाच मिनिटांत' म्हणून मीटिंगमधून सटकणाऱ्यांचा हा मूळपुरुष. मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडकेही होते. तेव्हा कामाच्या ताणामुळे पेटी धूळ खात पडलीय, ही सबब यापुढे चालणार नाही.

पोर्तुगाल सरकार अर्जवाल्यांपैकी. हातचा मुलूख गेला, तर १९५५ मध्ये थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तक्रार! १९६० मध्ये निकाल आला : भारतातून तिथवर जायच्या वाटेचा हक्क होता म्हणे, पण फौजेसाठी नव्हता. (अर्जवाले यालाही अर्धा विजय समजतात.)

सर्वांत थंड डोक्याचे के. जी. बदलानी. भारतातल्या विलीनीकरणाच्या करारावर दादरा-नगर हवेलीतर्फे सही करायला कोणीतरी प्रमुख हवा होता, म्हणून १९६१ मध्ये हे सनदी अधिकारी तिथले एका दिवसाचे पंतप्रधान झाले. सही केली, विषय संपला. आपल्याकडे दोन दिवसांचा प्रभारी मुख्याध्यापकसुद्धा आधी दारावरची पाटी बदलून घेतो.