वादळ त्याचं, लायफर आमचा

जून उजाडला की शहाणी मंडळी समुद्रापासून चार हात लांब राहतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, म्हणून होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. मांडव्याच्या लाँचा बंद होतात. हिवाळाभर किनारा गाजवणारे कुरव तर केव्हाच लडाख-तिबेटच्या तळ्यांवर संसाराला लागलेले असतात. अशा दिवसांत अलिबागजवळच्या अक्षीच्या सुरूच्या बनात, स्वतः साधा आणि कॅमेऱ्याला भारी रेनकोट घालून, एक प्राणी हमखास आढळतो. पावसाळी पक्षीनिरीक्षक.

रेड अलर्ट आला की इतरांच्या घरात खिडक्या लागतात, याच्या घरात बॅगा भरल्या जातात. कारण वादळ जितकं मोठं, तितका किनाऱ्यावर येऊन पडणारा पक्षी दुर्मीळ. मास्क्ड बूबी, फ्रिगेट बर्ड, सूटी टर्न ही खोल समुद्रातली मंडळी. सूटी टर्नचं पिल्लू एकदा उडालं की कित्येक वर्षं जमिनीला पाय लावत नाही. असा पक्षी अक्षीच्या वाळूत बसलेला दिसला, तर त्याच्यावर काय प्रसंग गुदरला असेल, हे कळायला दुर्बीण लागत नाही. पण आपल्याकडे त्याला ‘लायफर’ म्हणतात. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. त्याच्या आयुष्यात तो बहुधा शेवटचा निरीक्षक असतो, पण ती नोंद कुठल्याच यादीत करायची सोय नाही.

जाळं दुरुस्त करत बसलेला तांडेल विचारतो, “साहेब, काही हरवलं काय?”

“बूबी दिसला का, काका? पांढरा, तोंड काळं?”

“काल आला होता एक. उपाशी होता बिचारा. कावळ्यांनी पार हैराण केला.”

“अरेरे! उजेड कसा होता तेव्हा?”

पक्षी सापडलाच, तर त्याच्याभोवती तिवई, छत्र्या आणि सल्ले यांचं कडं पडतं. चाळीसेक ग्रॅम वजनाचं स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडून अरबी समुद्रात येतं, लाटांशी झुंजतं आणि अखेर आपल्या ‘जरा मान इकडे’पाशी हात टेकतं. पाय मागे असल्याने त्याला जमिनीवर धड उभंही राहता येत नाही. तरी एखादा उत्साही टाळी वाजवतोच, कारण बसलेल्या पक्ष्याचा फोटो सगळ्यांकडे असतो, उडतानाचा हवा. फोटो झाले की भूतदया जागी होते आणि कुणीतरी ‘समुद्राचा जीव समुद्राला’ म्हणत त्याला लाटेत भिरकावतो. संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चेकलिस्ट चढते. अशा नोंदींचा अभ्यासाला उपयोग होतो, हे खरंच. फक्त पक्ष्याला त्यातलं काही मिळत नाही.

तेव्हा यंदा बॅगेत लेन्सशेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. त्याला भोकं पाडा. दमलेला पक्षी दिसला तर हातरुमाल टाकून अलगद उचला, चोचीपासून डोळे जपा. खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, मासे कोंबू नका, समुद्रात फेकू नका. वनविभागाला 1926 वर फोन करा. फोटो आधी काढायचा की फोन आधी करायचा, एवढ्यावरून तुम्ही पक्षीमित्र की पक्षीसंग्राहक ते ठरेल.