मीटर केबलबाईंना खुले पत्र

प्रति,
श्रीमती मीटर केबल,
मुक्काम : गिअरबॉक्सच्या वर, डॅशबोर्डाच्या मागे,
एक जुनी मारुती ८००,
शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती.

विषय : काट्याला नाचवून स्वतः नामानिराळ्या राहिल्याबाबत.

सा. न. वि. वि.

केबलबाई, सर्वप्रथम आपलं अभिनंदन. इतकी वर्षं उद्योग करायचे आणि फिर्यादीत एकदाही नाव येऊ द्यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. वरुडच्या रस्त्याला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एका चालीने चाललेली असते आणि वेगाचा काटा २० वरून ५० वर, तिथून ३० वर, पुन्हा ५० वर. शेजारी बसलेला पाहुणा आधी काट्याकडे पाहतो, मग माझ्याकडे, मग दाराची मूठ घट्ट धरतो. मागच्या सीटवरचा पुतण्या विचारतो, ‘काका, यातलं खरं कोनतं समजाचं?’ लोक शिव्या देतात त्या काट्याला. आपण काळी नळी पांघरून आत स्वस्थ बसलेल्या असता.

गाडी गॅरेजला नेली. तिथल्या उस्तादांनी काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, ‘मीटर गेलं भाऊ. पुरं बदलून टाका नं, कायले डोकं खपवता?’ पलीकडच्या भंगारात उघडून ठेवलेल्या एका गाडीचं मीटर त्यांच्या नजरेत होतंच. म्हणजे करणार आपण, फाशी काट्याला आणि पैसे माझे. व्यवस्था म्हणतात ती हीच.

म्हणून आधी त्या बिचाऱ्या काट्याची बाजू मांडतो. या जातीच्या मीटरची युक्ती ओटो शुल्झे नावाच्या जर्मन संशोधकाची. १९०२ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. आपल्या वरच्या टोकाला मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरतं. त्याच्याजवळ ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते आणि काटा त्या वाटीच्या दांडीवर बसवलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि ते तिला चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढू लागतात. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओढ आणि धर जिथे सारखी होते, तिथे काटा थांबतो. चुंबक जोरात फिरलं तर काटा वर, मंद फिरलं तर खाली. यात काट्याला स्वतःचं मत असं काही नाही. त्याला जे कळतं ते आपल्याकडूनच. खाली आपली तार फिरवणारं गिअरबॉक्समधलं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, तेही गाडीच्या चाकांच्या चालीनेच फिरतं. दोन्ही टोकांची माणसं सरळ आहेत, बाई. जे काही घडतं ते मधल्या वाटेवर.

आणि तिथे आपण काय करता, तेही आता उघड बोलू. आपल्या नळीतलं ग्रीस केव्हाच सुकलं. इंजिनाची धग आणि त्यावर आमच्या वऱ्हाडातला मे महिना. कोणतं ग्रीस टिकणार? त्यात रस्त्याची धूळ मिसळून काळी खरड झाली. आता खालून पिनियन फिरवतं, पण आपली तार मध्येच कुठेतरी नळीला धरून बसते. खालचं टोक फिरत राहतं, वरचं अडतं, आणि आपण अंगातल्या अंगात पीळ साठवता. तेवढ्या वेळात काटा खाली येतो. मग तो पीळ सोसवेना झाला की आपण सुटता आणि साठवलेले सगळे फेरे एका दमात वर ढकलता. काटा उडी मारतो. पुन्हा धरता, पुन्हा सोडता. आपल्याला हा आरामाचा कार्यक्रम वाटत असेल. स्टिअरिंगमागे बसलेल्याला घाम फुटतो.

यावर आपला बचाव काय असणार, तेही ठाऊक आहे. ‘माझा हिशेब तपासा,’ असं आपण म्हणाल. आणि खरंच, ओडोमीटरचे किलोमीटर बरोबर निघतात. खालून जेवढे फेरे आले तेवढेच वर पोचले, एकही खाल्ला नाही. केबलबाई, ही चलाखी आमच्या भागाला नवी नाही. झाडावरची संत्री पाहून बागेचा सौदा करणारा एखादा व्यापारी असतो. इसार देतो, मग दिसत नाही. फोन लागत नाही. आणि एके दिवशी उगवून उरलेली सगळी रक्कम टेबलावर ठेवतो, वर ऐकवतो, ‘एक रुपया कमी हाय का, मोजून घ्या.’ कमी नसतो. पण पोराच्या फीची तारीख मधल्या काळात उलटून गेलेली असते आणि फवारणीचं औषध उधारीवर आणलेलं असतं. बेरीज बरोबर असली म्हणून वेळेवर न पोचलेलं वेळेवर पोचलं असं होत नाही. ओडोमीटरला शेवटची बेरीज पुरते. ब्रेकवरच्या पायाला मात्र या घडीचा वेग लागतो.

पुराव्यांकडे वळू. या गाडीचं घराणं जपानी, आणि जपानी मीटरांचं माप असं की एका किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे. म्हणजे ताशी ६० च्या वेगात सेकंदाला दहाच्या वर आणि ताशी २० ला जेमतेम साडेतीन. म्हणूनच गावातून, शाळेसमोरून, पन्हेरीतून जंबेरीच्या खुंटावरची संत्र्याची कलमं भरून निघालेल्या गाड्यांच्या गर्दीतून हळू जाताना आपले झटके एकेक मोजता येतात. मोकळ्या रस्त्याला वेग वाढला की ते एकात एक मिसळतात आणि काटा बराच शांत होतो. म्हणजे जिथे मुंगीच्या चालीने जायचं, नेमकं तिथेच आपण थैमान घालता. थंडीतल्या सकाळी ग्रीस घट्ट असतं तेव्हा आपला उत्साह आणखी दुप्पट. हळू चालीत नाच, वेगात शांतता, किलोमीटर मात्र बरोबर : ही तीन लक्षणं एकत्र दिसली की संशयाची सुई काट्यावरून काढून आपल्याकडे वळवावी.

आपले साथीदारही कमी नाहीत. कुणीतरी गाडीत टेप बसवताना आपल्याला डॅशबोर्डामागे दामटून कोपऱ्यात मुडपलं. आपल्या नळीला १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आखूड वळण सोसत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसरे एक हितचिंतक तेलाची कुपी घेऊन आले आणि वरच्या टोकातून इंजिन ऑइल ओतून गेले. पातळ तेल पुढे मीटरमध्ये शिरतं. ते चुंबक आणि वाटीच्या मध्ये गेलं की दोघं एकमेकांना चिकटून फिरू लागतात आणि उभ्या बाजारात काटा शंभरीकडे धावतो. आपल्या खानदानाचा जुना लौकिकही आठवतो : एके काळी जुन्या गाड्या विकणारे आपल्याला मीटरपासून सोडवून ठेवायचे, म्हणजे गाडी पळाली तरी किलोमीटर वाढायचे नाहीत. आपण मात्र नोकरीवर हजर राहून घोळ घातलात. हजेरी भरली म्हणून काम झालं असं मानणारी आपली जात सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ आहे, पण तिथे निदान कुणाचा पाय ब्रेकवर नसतो.

तेव्हा आपली रीतसर चौकशी झाली. मीटरकडचं टोक सोडवलं, गिअरबॉक्सकडचं सोडवलं, आणि नळीतून आतली तार ओढून काढली. ती दोन्ही हातांत धरून मध्ये खाली झोळ ठेवला आणि एक टोक बोटांनी सावकाश फिरवलं. सरळ तार असती तर दुसरं टोक त्याच चालीने फिरलं असतं. आपलं दुसरं टोक थोडं थांबलं आणि एकदम उसळलं. झोळ गरकन उलटला. त्याच जागी एक पीळ आणि दोन तुटलेले तंतू सापडले. पीळ नसता, नुसता मळ असता, तर आपली शिक्षा हलकी होती : डिझेलने धुणं, पुसणं, नळी साफ करणं, तारेला पातळ ग्रीसचा हात, आणि वरचा २० सेंटीमीटर भाग कोरडा पुसून पुन्हा कामावर. पण मुडपलेली तार सरळ केली तरी तिच्या मनातला पीळ जात नाही. अशा तारेला ग्रीस लावणं म्हणजे निलंबित माणसाला सत्कारासाठी बोलावणं.

आपल्याला आता काम वेगळं दिलं आहे. शेतात ठिबकच्या नळ्या क्षाराने आणि शेवाळाने तुंबतात. त्यांच्यातून आपली तार फिरवून त्या मोकळ्या करायच्या. अडवण्याचा इतका अनुभव असलेल्यांना मोकळं करण्याचं काम जमावं, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मारुती ८०० चं उत्पादनच जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, आणि नव्या गाड्यांत आपल्या जागी सेन्सर आणि दोन-चार वायरी आल्या. म्हणजे वरिष्ठांकडे बदली मागण्याचाही मार्ग खुला नाही.

कळावे,
आपला,
गाडीमालक

प्रत माहितीसाठी :

१. काटा : आरोपातून निर्दोष मुक्त. झालेल्या मानहानीबद्दल काच पुसून देण्यात येत आहे.

२. ओडोमीटर : बेरजेची साक्ष खरी धरली; तिच्या जोरावर केबलबाईंना चांगल्या वर्तणुकीचा दाखला देता येणार नाही.

३. गॅरेजचे उस्ताद : ‘मीटर बदलून टाका’ म्हणण्याआधी केबल काढून बोटांनी फिरवून पाहावी. मीटरच्या मानाने केबल फार स्वस्त पडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

४. नवीन केबल : आपल्या वळणाला पुरेशी जागा ठेवली आहे, ग्रीसही मापात दिलं आहे. तरीही काटा नाचला, तर पुढची चौकशी गिअरबॉक्समधल्या पिनियनची आणि मीटरच्या दांड्याची होईल. तोवर आपल्यावर विश्वास.