मान आधी आडवी हलते

आमच्या नातीनं मान आडवी हलवून पहिला नकार दिला तो नवव्या महिन्यात. समोर गुरगुट्या भात, भरवायला तिची आजी, आणि नात ओठ गच्च मिटून बसलेली. मान डावीकडून उजवीकडे अशी काही ठामपणे गेली की मला पेठेतले जुने दुकानदार आठवले. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच त्यांचं 'नाही' तयार असायचं. सदाशिव पेठेचं रक्त आहे, म्हणून मी खूश झालो.

सुनेनं लगेच मोबाइलवर तक्ता उघडला. अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एमी वेदरबी यांच्या गटानं 'सोळा महिन्यांपर्यंत सोळा खुणा' असं वेळापत्रकच करून ठेवलंय. नवव्या महिन्यात हातातली वस्तू देणं आणि नकाराची मान. दहाव्यात 'उचला' म्हणून दोन्ही हात वर. अकराव्यात टाटा. चौदाव्यात तर्जनी रोखून दाखवणं. आणि होकाराची मान? ती थेट पंधराव्यात! म्हणजे 'नाही'नंतर 'हो' यायला सहा महिने. पुण्यात काही जणांचं हे अंतर साठीपर्यंत भरून निघत नाही, ते सोडा. मूल काही तक्ता वाचून वाढत नाही. थोडं मागेपुढे चालायचंच.

पण आपल्याला घाई असते. पाहुणे चपला घालायला लागले की आमच्या दारात परीक्षा सुरू होते. "टाटा कर बघू! कर ना, मघाशी केलंस की!" आजी तिचं मनगट धरून हलवते, मी स्वतःचा हात हलवून दाखवतो, पाहुणेही एका पायात चप्पल घालून आशेनं उभे. नात पाहुण्यांच्या चष्म्याकडे टक लावून बघते. पाहुणे शेवटी जिना उतरतात, खाली स्कूटर सुरू होते, दार बंद होतं. मग ती बंद दाराला सावकाश, मन लावून टाटा करते. 'बाप्पाला नमो नमो'चीही तीच कथा. देवघरासमोर हात जोडायचे नाहीत आणि रात्री अकराला पंख्याला जोडायचे.

खरी मजा तर्जनीची. १९७५ साली एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या दोन इटालियन सहकारी बायकांनी रोममधल्या तीन बाळांचा अभ्यास मांडला. (हातवारे अभ्यासायला इटली निवडणं, याला म्हणतात दूरदृष्टी.) त्यांनी बोट दाखवण्याचे दोन प्रकार वेगळे काढले. एक, 'ते मला दे'. दुसरा, नुसतंच 'ते बघ'. पहिल्यात बाळाला वस्तू हवी असते, दुसऱ्यात तुम्ही.

आमच्या घरी दुसऱ्या प्रकाराचा मान ट्यूबलाइटमागच्या पालीला मिळाला. नात कडेवर होती. बोट वर गेलं, "अं!" झालं. तिनं पालीकडे पाहिलं, मग वळून माझ्या डोळ्यांत पाहिलं, मी बघतोय याची खात्री केली आणि पुन्हा पालीकडे. पाल तिला नको होती. मी दिलीही नसती. एवढी भारी गोष्ट एकटीनं बघायची नव्हती, इतकंच. "भूक लागलीय तिला," स्वयंपाकघरातून आवाज आला. हिच्या मते बाळाच्या तमाम खुणांचा अर्थ एकच.

यात एक धोका निघाला. मूल आज ज्या वस्तूकडे बोट दाखवतं, तिचा शब्द साधारण तीन महिन्यांनी त्याच्या तोंडी येतो, असं जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांना २००५ च्या अभ्यासात आढळलं होतं. मी हे जेवताना बोलून गेलो. तेव्हापासून आजी नातीचं बोट दिवसातून अनेकदा देवघराकडे वळवते. नात पालीशी एकनिष्ठ आहे.

सांगलीच्या आजी व्हिडिओ कॉलवर येतात. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणणाऱ्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं नातेवाइकांच्या कॉलला तेवढी सूट दिलीय. पण नात टाटा करते ती कोपऱ्यातल्या चौकटीतल्या स्वतःलाच. सांगलीकर ते स्वतःच्या खाती जमा करून घेतात. आम्ही बोलत नाही.

बाकी सगळं हसण्यावारी न्या, पण एवढं नको. वर्षाचं मूल हात वर करणं, टाटा, काहीच खूण करत नसेल, किंवा दीड वर्षाचं होऊनही काही दाखवायला बोट करत नसेल, तर "याचा बाबापण उशिरा बोलला होता" म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना चहा पाजा, आणि मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही ही तपासणी होते. काकूंचा चहा झाल्यावर लगेच निघा.