अलिप्त माणसाचे माड

मी अलिप्त माणूस आहे. लोकांच्या ते आपणहून लक्षात येत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. दंतवैद्यांनाही सांगितलं. त्यांनी हिरडीत बारीक सळई घालून मोजलं. "काका, निरोगी हिरडीत ही 1 ते 3 मिलिमीटर जाते, तुमच्यात 6 गेली. दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू सुटतायत." वैराग्य निघालं होतं मनाकडे, उतरलं दाढेत.

वकील मेव्हणा याहून निर्दय. आईच्या देवबागच्या माडांवर माझा डोळा नाही म्हटलं, तर म्हणतो, "असला तरी घाबरू नका, भावोजी. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांच्यासारखी वारशाची नुसती आशाही जप्त होत नाही." तेव्हापासून मी कायद्याच्या संरक्षणाखाली अलिप्त आहे.

खरी चिकाटी बघायची तर किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचं बूड बघावं. तिथले बार्नेकल! हा प्राणी लहानपणी समुद्रभर हिंडतो. मग जागा शोधताना आधी बघतो की आपली भावकी कुठे चिकटली आहे, आणि तिच्या शेजारीच डोकं टेकतो, अगदी कोकणी. डोक्याकडून सिमेंट सोडतो आणि उरलेला जन्म खाली डोकं, वर पाय करून पायांनीच घास तोंडात ढकलतो. डार्विन 1846 ते 1854 यांच्याच मागे होता. शेवटी त्याला त्यांचा तिटकारा आला. आठ वर्षांत! आमच्याकडे भावकीचा तिटकारा यायला तेवढा वेळ लागत नाही, आणि तरी कोणी सुटत नाही.

सुटते ती जमीन. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला वाटतं, रुजलेलं झाड जमिनीला जोडलेलं असतं. त्याने देवबाग पाहिलेलं नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे वाळूची पट्टी. पावसाळी उधाणात इथलं स्थावर चालू लागतं. आमच्या माडांची पुढची ओळ समुद्रात गेली, सातबारा मात्र कोरडा. माणसं येतात ती माड पडल्यावर, फोटो काढायला. याचा मला राग येतो, अलिप्त माणसाला न शोभणारा.

मग ही ओढ कसली? जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने 1969 साली आई-मुलाच्या ओढीवर ग्रंथ लिहिला. आई जागेवर आहे ही खात्री असली की मूल बिनघोर लांब जातं, असं त्याचं म्हणणं. मला ते आवडलं नाही. मुंबईत इतकी वर्षं मी जिला माझी अलिप्तता समजत होतो, तिचा खर्च आई देवबागात बसून भरत होती.

म्हणून यंदा म्हटलं, "आई, मुंबईक चल. समुद्र दारात इलो तर?"

"तो रोज येता, झिला. तू मे म्हयन्यात येतस, आणि जाताना पोतंभर नारळ नेतस."