खांदा कुठाय?

जनावर समोर आलं की आमचे मामा आधी त्याचं तोंड उघडतात. माणदेशातला जन्म, खरसुंडीच्या बाजारात खिल्लारांचे दात बघण्यात हयात गेली. त्यामुळे स्कॉटलंडातल्या फॉलकर्कला, कॅरन नदीजवळच्या कालव्याकाठी, ३० मीटर उंचीची दोन पोलादी घोड्यांची मुंडकी पाहून ते काय म्हणणार, हे मला ठाऊक होतं.

"जबडा लई उंच हाय. दात दिसंनात."

एका घोड्याची मान खाली, दुसऱ्याचं तोंड आभाळाकडे. पायथ्याशी उभं राहिलं की पत्र्यांच्या फटींतून ढग सरकताना दिसतात, आतल्या नळ्या डोकावतात. "बरगड्या निघाल्यात. वैरण कमी पडती." मुंडक्यात बरगड्या कुठून येणार, हे विचारायची माझी टाप नव्हती.

मी माहिती पुरवली. यांना 'केल्पीज' म्हणतात. शिल्पकार अँडी स्कॉट. २०१३ साली उभे राहिले, एकेकाचं वजन ३०० टन. नमुन्याला ड्यूक आणि बॅरन नावाचे जिवंत क्लाइड्सडेल घोडे होते. क्लाइड नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी जोपासलेली ही जात. तिनं नांगर ओढले, कोळशाच्या गाड्या ओढल्या, काठानं चालत कालव्यातल्या नावाही ओढल्या.

"आन् खर्च?"

"५० लाख पौंडांच्या आसपास."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला, त्याखाली माझी बोटं दाबली आणि बाजाराच्या रिवाजानं सौदा निम्म्यावर आणला.

"केल्पी म्हंजी?"

"पाण्यातलं भूत. घोडा होऊन काठावर उभं राहतं. पोरं पाठीवर बसली की तिथंच चिकटतात, मग ते बुडी मारतं."

"जल्मभर वझं वढलं, आन् नाव ठिवलं भुताचं?"

बारसं करताना एखाद्या गाडीवानाला विचारायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

मग मामांनी दोन्ही मुंडक्यांना प्रदक्षिणा घातली. मुद्रा गंभीर. "खांदा कुठाय?"

खरंच की. मान संपते तिथं जमीन सुरू! ओढलं खांद्यानं, मान मिळाला तोंडाला. आपल्याकडे पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करतात तेव्हा ओढणारा भाग वगळला तरी काही बिघडत नाही, इथं बिघडतं. बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. जुवानं घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद-लोणी चोळायचं. शिंगांचा रंग, झूल, मिरवणूक, सगळं त्यानंतर. एवढ्या खर्चात या लोकांनी थेट मिरवणूकच काढली होती.

चहाबरोबर मिळालेल्या लोण्याच्या पुड्या मामांनी खिशात टाकल्या होत्या. त्या बाहेर काढून त्यांनी एकदा घोड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"एडिंबरापत्तूर गाडी कोण वढणार?"

"मीच."

"मग फिर पाठमोरा."

शर्ट नवा होता.