शेवटची एक सूचना

आमच्या वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला माणसं खडबडून जागी होतात ती दोनदाच. एकदा दानाची पिशवी आपल्या बाकापर्यंत येते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कोमुनियो आटोपल्यावर फादर झग्याच्या आतून घडी घातलेला कागद काढतात तेव्हा. प्रवचन सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते आपल्या शेजाऱ्याला कसं चपखल लागू पडतं याचा विचार करत डुलकी काढता येते. सूचनांचं तसं नाही. सूचनेत नाव येतं, आळी येते, वेळ येते, आणि क्वचित गाडीचा नंबरही येतो. धर्मग्राम, म्हणजे या चर्चची सगळी मंडळी, चालतो तो या कागदावर, असं माझं मत आहे. फादरांना ते मान्य नाही. पण प्रवचन लिहून आणायला विसरलेले फादर मी पाहिलेत, सूचनांचा कागद विसरलेले नाहीत.

धर्मशिक्षणाच्या शिक्षकांची सभा दहा वाजता. पहिल्या कोमुनियोच्या मुलांचे पांढरे कपडे साधे असावेत, म्हणजे साधेच असावेत. ‘सुवार्ता’ मासिकाची वर्गणी ज्यांची राहिली आहे त्यांनी भरावी. फाटकाच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी आहे, ती ज्यांची असेल त्यांनी कृपया. इथे अख्खं चर्च मागे वळून बघतं आणि गाडीचा मालक सर्वांत जास्त वळून बघतो. मग काळी छत्री. ती छत्री दर पावसाळ्यात सापडते आणि दर पावसाळ्यात बेवारस राहते. ‘शेवटची एक सूचना’ असं म्हणून फादर दम घेतात, तेव्हा जाणती माणसं उठायची घाई करत नाहीत. अजून चार बाकी असतात.

त्यातल्या लग्नाच्या सूचनांना खरी शांतता मिळते. मुलाचं नाव, आईबापांची नावं, गाव. मुलीचं नाव, आईबापांची नावं, गाव. आणि या विवाहाला कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्यांनी धर्मगुरूंना कळवावं. हे लागोपाठ तीन रविवार वाचायची पद्धत आहे, आणि आमच्या धर्मग्रामाला तीन रविवार अगदी बेताचे पुरतात. पहिल्या रविवारी मुलीच्या आईचं माहेर शोधलं जातं. दुसऱ्या रविवारी मुलाची नोकरी कायम आहे की कंत्राटी ते कळतं. तिसऱ्या रविवारी जेवणाचं कंत्राट कोणाला दिलं ते बाहेर येतं, आणि खरे आक्षेप असतात ते तिथेच. फादरांकडे अडथळा घेऊन गेलेलं कोणी माझ्या पाहण्यात नाही. चर्चच्या पायरीवर मात्र अडथळ्यांना तोटा नाही.

हे सगळं मराठीत चालतं म्हणून एवढी मजा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये जमलेल्या बिशपांनी, लोकांच्या भाषेला दार उघडलं. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, आणि फादरांची पाठ लोकांकडे असे. लाल लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसणारी माझी आजी लॅटिन उत्तरं खणखणीत आवाजात द्यायची. अर्थ तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर ती काही दिवस नाराज होती. “आधी फक्त देवाला कळायचं,” ती म्हणायची, “आता शेजारणीलापण कळतं.” आता वसईत मुंबईहून सदनिकांमध्ये राहायला आलेल्यांना इंग्रजी मिस्सा हवी असते, गोव्या-मंगळुरकडच्यांना कोंकणी, आम्हाला मराठी, आणि तिघांनाही हवी असते ती रविवारची साडेसातचीच वेळ. बायबलात बाबेलच्या मनोऱ्यापाशी देवाने माणसांच्या भाषांचा गोंधळ केला. वेळापत्रकाचा गोंधळ त्याने चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पालकीय परिषदेवर सोपवला आहे.

भाषा मराठी असली तरी वाचन सोपं असतं असं नाही. एरवी वाचकांच्या यादीत नाव घालण्यासाठी रुसवेफुगवे होतात. पण पेंटेकॉस्टच्या रविवारी त्याच यादीतल्या लोकांचे घसे बसतात, कारण त्या दिवशीच्या पहिल्या वाचनात पार्थी, मेदी आणि एलामी यांच्यापासून कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलियापर्यंत अर्धा जुना नकाशा माईकवरून उच्चारायचा असतो. एका वर्षी हे काम आमच्या आळीतल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडलं. काकांनी ती नावं विरार फास्टसारखी घेतली, मधली स्टेशनं गाळून. फ्रुगिया कधी गेलं ते कळलंच नाही. बायबलच्या मराठीची आम्हाला खरं तर चैन आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्याच वसईचे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बायबल त्यांनी सुबोध केलं खरं. पण पंफुलियाला तेही काय करणार होते?

गायनवृंदाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण मला याच धर्मग्रामात राहायचं आहे. आमच्याकडे दोन गायनवृंद आहेत. दोन्ही उत्तम आहेत.

रविवार असा गेला की आठवडा घंटेवर चालतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा देवदूताच्या निरोपाची घंटा होते. दुपारी बाराची झाली की वाडीत केळीला पाणी सोडणारा माणूस जागच्या जागी उभा राहून क्रुसाची खूण करतो आणि मग घरी जेवायला जातो. भक्ती आणि भूक यांची इतकी अचूक गाठ दुसऱ्या कुठल्या धर्मविधीत पडलेली मला माहीत नाही. वसईच्या घंटांना तसा इतिहासही मोठा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चमधल्या कित्येक घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा त्यांतलीच, १७२१ ची. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा आमच्यातला एक वेदीसेवक ‘ही आमची आहे’ असं म्हणून तिच्याकडे निघाला होता. सरांनी वेळीच धरला. हल्ली आमच्याकडची घंटा विजेच्या बटणावर वाजते, आणि वीज गेली की बाराचे साडेबारा होतात.

मंगळवारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची बैठक. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केली. आमच्या शाखेतला सर्वांत तरुण सभासद साठीचा आहे, आणि त्याला अजून ‘पोरा’ म्हणतात. गरिबाच्या घरी जाऊन मदत करायची आणि ती गुप्त ठेवायची, हा तिथला शिरस्ता. ठेवतातही बिचारे. पण तांदळाची पिशवी घेऊन दोन म्हातारे एका सायकलवरून कुठल्या आळीत वळले, हे पाहायला सगळी आळी ओट्यावर बसलेली असते. एकदा तर वाटेतल्या बाईने सांगितलं, “काका, ते लोक घरी नाहीत, पिशवी माझ्याकडे ठेवा. कोणाला सांगणार नाही मी.”

बुधवार माहीमचा. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते. सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात, आणि बोललेला नवस नऊ बुधवार फेडायचा असतो. तीच नोव्हेना त्याच बुधवारी आमच्या चर्चमध्येही होते, घरापासून पाच मिनिटांवर. तरी माझी मावशी गाडी बदलून, धक्के खाऊन माहीम गाठते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “इथे फार ओळखीचे लोक असतात. काय मागते ते बघत बसतात.”

आता शुक्रवार. शुक्रवारवर मी सावकाश लिहिणार आहे, कारण आमच्या किनाऱ्यावर धर्माला खरी लाट लागते ती शुक्रवारी. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी मात्र मांसात मोडत नाही. हा नियम ज्याने केला तो बहुधा डोंगराळ मुलखातला असावा. मासे खाणं म्हणजे शिक्षा, असं त्याला वाटत असणार. त्याला अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या बाजारात एकदा आणायला हवं होतं. इथे एरवी कोंबडीवर भागवणारं घर शुक्रवारी आत्मक्लेश म्हणून पापलेट आणतं. कोळणींनाही पंचांग पाठ असतं. “आज तुमचा उपास ना फादर?” असं म्हणून त्या भाव चढवतात, आणि फादर उपास असल्यामुळे घासाघीस करू शकत नाहीत. आमचे हिंदू मित्र श्रावणात बोंबील सोडतात, आम्ही उपवासकाळात बोंबील धरतो. माझा एक मित्र दरवर्षी न चुकता अशा एखाद्या शुक्रवारी ‘तुमच्याबरोबर मीही उपास करीन म्हणतो’ असं सांगून जेवायला येतो.

पापलेट पचवायला संध्याकाळी क्रुसाची वाट असते. चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाला गुडघे टेकायचे आणि उठायचं. सातव्या स्थानाच्या सुमाराला मंडळींचे तीन गट पडतात. गुडघे टेकणारे, टेकल्यासारखं करणारे, आणि ‘मी मनाने टेकतो’ म्हणून भिंतीला टेकणारे. लाल लुगडेवाल्या आज्या अजून पहिल्या गटात आहेत. त्यांच्या नजरेखाली तिसऱ्या गटात उभं राहणं हेच खरं प्रायश्चित्त.

पापनिवेदनाचं सांगायचं तर उपवासकाळाच्या शेवटी बाहेरचे फादर बोलावतात आणि चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसवतात. त्या रांगा पाहण्यासारख्या असतात. आमच्या फादरांपुढे शाळकरी मुलं आणि एखादी अगदीच निष्पाप आजी. पालघरहून आलेल्या फादरांपुढे बेताची रांग. आणि जे फादर परराज्यातून आलेत, उद्या सकाळच्या गाडीने परत जायचे आहेत आणि ज्यांना मराठी जेमतेम येतं, त्यांची रांग दाराबाहेर. त्या रांगेत मला आमच्या पालकीय परिषदेचे जवळजवळ सगळे सभासद भेटले. मान वळवून आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

परिषदेची बैठक महिन्यातून एकदा असते, पण तिच्यावर बोलणं आठवडाभर चालतं. तिथले कायमचे विषय पंखे, माईकचा घुमणारा आवाज आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्या कोणाच्या तरी बारशाला जातात आणि परत येताना चार कमी होतात. मध्ये एका उत्साही तरुणाने सुचवलं की खुर्च्यांवर चर्चचं नाव रंगवावं. रंगवलं. आता लोकांच्या अंगणात चर्चचं नाव असलेल्या खुर्च्या दिसतात, एवढाच फरक. फादर या सगळ्यात हसतमुख असतात, कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की पाच-सहा वर्षांत आपली बदली होणार. आम्हालाही ते ठाऊक आहे. नवीन आलेले फादर पहिल्यांदा कुंड्या हलवतात, मग सूचनाफलक हलवतात, मग मिस्सेची वेळ पंधरा मिनिटं हलवायला जातात आणि तिथे त्यांना धर्मग्राम म्हणजे काय ते कळतं.

पंखे, माईक, खुर्च्या यांचा खर्च निघतो तो थोडाफार लिलावातून. सणाच्या आधीच्या रविवारी लोक आपल्या वाडीतलं पहिलं पीक अर्पण म्हणून आणतात. केळीचा घड, शहाळी, पानवेलीच्या पानांची चळत, मोगऱ्याची परडी, आणि कोणी हौशी असेल तर राजेळीची सुकेळी, जी एरवी निर्मळच्या जत्रेत घेताना आपण दहादा भाव विचारतो. मिस्सेनंतर पटांगणात त्याचा लिलाव होतो. तिथे भाव कोणी विचारत नाही, कारण सगळं गाव ऐकत असतं.

या वेळी भोपळा आला होता. चांगला दोन माणसांनी उचलायचा. त्यावर बोली लागली ती दोन साडूंत. सात वर्षांपूर्वी एका कुंपणावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी एकमेकांना उद्देशून उच्चारलेले हे पहिलेच शब्द. “पाचशे.” “सातशे.” “हजार.” बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, मागे उभ्या राहून आपापल्या नवऱ्याचा सदरा ओढत होत्या. थोरल्या साडूने अडीच हजारांना भोपळा घेतला आणि तिथल्या तिथे चर्चला परत दिला. म्हणजे लिलाव पुन्हा. आता धाकट्याची अब्रू होती. त्याने तीन हजारांना घेतला आणि परत दिला. खजिनदारांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी ईस्टरच्या पहाटेही पाहिलेलं नाही. तिसऱ्या फेरीला उन्हाचा कडाका वाढला, बहिणींनी सदरे सोडून हात धरले, आणि फादरांनी भोपळा आपल्याकडे ठेवून घेतला.

संध्याकाळी फादरांच्या स्वयंपाकीणबाईंनी तो चिरला. एवढं फादर कधी खाणार, म्हणून फोडी आळीत वाटल्या, आणि दोन्ही साडूंकडे एकेक पाठवली. नऊच्या सुमारास धाकट्या बहिणीने थोरलीला फोन केला. काय झालं ते दोघींनीही मला वेगवेगळं सांगितलं, पण पहिलं वाक्य दोघींच्या सांगण्यात एकच होतं.

“ताई, तुमच्याकडे देठाकडची फोड आली की बुडाकडची?”